डंकेल, जालना आणि घरचं बियाणं

जालना म्हटलं की आपल्याला स्टील किंवा मोसंबी आठवते. पण देशभरातले शेतकरी जालना ओळखतात ते बियाण्यांमुळे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे 'महिको' काढली आणि पुढे बियाणं हा इथला मोठा धंदा झाला. त्यामुळे जिनिव्हात बियाण्यांबद्दल काही ठरलं, की त्याचा संबंध थेट इथल्या शिवाराशी येतो.

डिसेंबर १९९१ मध्ये गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी कराराचा मसुदा मांडला. त्यात एक छोटंसं कलम होतं. पिकांच्या वाणांना पेटंट द्या, नाहीतर आपली वेगळी पण परिणामकारक व्यवस्था करा. झालं! शेतकऱ्याला घरचं बी पेरता येणार नाही म्हणून ओरड सुरू झाली. भाजप विरोधात, डावेही विरोधात. आपल्याकडे शरद जोशी मात्र डंकेलच्या बाजूने ठाम उभे होते. शेवटी १९९४ मध्ये नरसिंह रावांच्या काँग्रेस सरकारने सही केली. तेव्हा जालन्याचे खासदारही काँग्रेसचेच, अंकुशराव टोपे.

आता पुढची गंमत बघा. विकसनशील देशांना कायदा करायची मुदत होती १ जानेवारी २०००. तोवर दिल्लीत वाजपेयी आणि जालन्यात भाजपचे रावसाहेब दानवे निवडून आलेले. म्हणजे विरोध करणाऱ्यांनाच डिसेंबर १९९९ मध्ये विधेयक आणावं लागलं! ते संयुक्त संसदीय समितीकडे गेलं आणि २००१ मध्ये कायदा झाला. त्याच्या कलम ३९ नुसार शेतकरी संरक्षित वाणाचंसुद्धा बी साठवू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँडच्या नावाने विकायचं नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस जिनिव्हाने दिला, पण आतला कोड आपण लिहिला. 'वेगळी व्यवस्था' या दोन शब्दांत जागा होती, ती संसदेने वापरली.

हे नुसतं कागदावर राहिलं नाही. २०१९ मध्ये 'पेप्सिको'ने बटाट्याच्या वाणावरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले, तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने याच कलमाचा आधार घेतला गेला. देशभर टीका झाली आणि कंपनीने दावे मागे घेतले.

तेव्हा मंडळी, 'देश विकला'च्या घोषणा पुन्हा ऐकू आल्या, की आधी मसुदा वाचा. आणि घोषणा देणारे सत्तेत आल्यावर कायद्यात काय लिहितात, तेही बघा!