दाद आणि दाम : गालिब व छापखाना

शायराला दाद द्यावी, दाम विचारू नये, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. मुशायऱ्यात 'मुकर्रर' म्हटले की रसिकाचे कर्तव्य संपले आणि कलाम ऐकवला की शायराचे! मिर्झा गालिब (१७९७-१८६९) याच रिवाजात वाढले. पण त्यांच्या हयातीतच छापखाना आला आणि लेखक-वाचकांमधला जुना हिशेब बदलला.

गालिबचा उर्दू दीवान प्रथम १८४१ मध्ये दिल्लीत, सर सय्यद अहमद खान यांच्या बंधूंच्या छापखान्यात छापला गेला. १८४७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. त्याच वर्षी कंपनी सरकारने ग्रंथकाराच्या हक्काचा कायदाही केला. पण कलाम जपून ठेवण्याची काळजी खुद्द गालिबनी घेतली नव्हती. ते काम नवाब झियाउद्दीन अहमद खान आणि हुसेन मिर्झा हे स्नेही करीत. १८५७ च्या धामधुमीत दोघांची घरे लुटली गेली, त्यात हे संग्रहही गेले. पुढे एका फकिराने कुठूनशी त्यांचीच एक गझल लिहवून घेतली होती. तो कागद पाहून डोळ्यांत पाणी आले, असे गालिबनी एका पत्रात लिहिले आहे. ज्याने ती गझल निर्माण केली त्याच्याकडे तिची प्रत नव्हती, ती गाणाऱ्याकडे होती.

मे १८५७ पासून गालिबची पेन्शन बंद झाली. ती दरमहा साडेबासष्ट रुपये होती आणि पुन्हा सुरू झाली १८६० मध्ये. याच तंगीच्या काळात त्यांनी त्या दिवसांची हकीकत 'दस्तंबू' या फारसी पुस्तकात लिहिली. ते १८५८ मध्ये आग्र्याला मुन्शी शिवनारायण 'आराम' यांच्या छापखान्यात छापले गेले. या वेळची त्यांची पत्रे वाचावीत. 'यमक, रदीफ' सोडून हा शायर कागद, शाई, जिल्द आणि प्रतींची संख्या यांवर लिहितो. मुन्शी हरगोपाल 'तफ्ता' आणि मिर्झा हातिम अली 'मेहर' या मित्रांना बारीकसारीक सूचना देतो. राणी व्हिक्टोरियाकडे पाठवायच्या प्रतीची जिल्द खास हवी, असा आग्रह धरतो. पुस्तकात अरबी शब्द येऊ द्यायचा नाही असे त्यांनी ठरवले होते. 'नहीब' हा एक शब्द चुकून राहिला. तो खरवडून तिथे 'नवा' करा, असे त्यांनी तातडीने कळवले. एका शब्दासाठी एवढी धावपळ! आपल्या नावाने छापले जाते त्याला आपण जबाबदार आहोत, ही जाणीव यालाच म्हणतात.

वाचकांची बाजूही इथेच दिसते. इंदूरचे राय उमेदसिंग यांनी ५० प्रतींची रक्कम दिली आणि छपाईला मोठा आधार मिळाला. ही नुसती 'वाहवा' नव्हती. छापखानदार ज्याच्या भरवशावर कागद घेतो असे हे रोख कौतुक होते.

दीवानाची तिसरी आवृत्ती १८६१ मध्ये मतबा अहमदीत निघाली. तिच्यात इतक्या चुका राहिल्या की गालिब व्यथित झाले. ते हात जोडून बसले नाहीत. दुरुस्त केलेली प्रत त्यांनी कानपूरच्या मतबा निजामीकडे पाठवली आणि १८६२ मध्ये शुद्ध आवृत्ती निघाली. पासष्टीला टेकलेल्या आजारी माणसाने हे केले, हे विसरू नये. लेखकाने एवढी मेहनत घ्यायची, तर ती आवृत्ती विकत घेऊन वाचण्याचे काम कोणाचे?

आज भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे राहतो. गालिबचा कलाम सर्वांचा झाला आहे. पण हयात लेखकाचे काय? उर्दू शाळेत शिकवताना दिसते की मुलांना शेर पाठ असतात, घरात मात्र दीवान नसतो. पुस्तक आवडले की त्याची झेरॉक्स निघते. कुणाचाही शेर गालिबच्या नावावर खपतो, आणि गालिबचा असला तरी मोडून म्हटला जातो.

वाचकहो, लेखकाने आपला मजकूर तपासावा, प्रत जपून ठेवावी, प्रकाशकाशी व्यवहार स्पष्ट ठेवावा. आपण पुस्तक विकत घ्यावे, ओळ बरोबर म्हणावी, तिच्यासोबत तिच्या धन्याचे नाव घ्यावे. मराठीत लिहिणारा मुस्लिम लेखक पदरमोड करून पुस्तक काढतो आणि निम्म्या प्रती भेट म्हणून वाटतो. भेट मिळालेल्या प्रतीची किंमतही त्याच्या हाती ठेवता येते. दाद द्यायला मग आपण मोकळेच आहोत.