विडीचा मालक कोण?

कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले की तो संपांच्या कहाण्या सांगणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज तसे करायचे नाही. हॉटेलात चहा झाला की गल्ल्यावरून एक विडी किंवा सिगारेट घ्यायची आणि काडी मागायची, हा प्रकार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. त्या विडीचा आणि त्या काडीचा इतिहास आम्ही आज जोडीने मांडणार आहोत. काडी आपल्या अंबरनाथची होती, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

१९२२ साली परदेशी काडेपेट्यांवर दर ग्रोसला दीड रुपया आयातकर बसला. बाहेरून माल आणणे महाग पडू लागले, तेव्हा स्वीडनच्या काडेपेटीवाल्यांनी करभिंतीच्या आत येऊनच कारखाना काढण्याचे ठरविले. १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे आपली विम्को, स्थापन झाली आणि अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला. या धंद्याचा त्या वेळचा राजा आयव्हर क्रूगर. त्याने जगातल्या अनेक सरकारांना कर्जे देऊन बदल्यात काडेपेटीचे मक्ते मिळविले आणि अखेर १९३२ च्या मार्चमध्ये पॅरिसला स्वतःवर गोळी झाडून घेतली. असो. आम्हांला सांगायचे आहे ते एवढेच की मालक सातासमुद्रापार असला तरी अंबरनाथच्या कामगाराला तो ठाऊक होता. कारखान्याला फाटक होते, भोंगा होता, हजेरीपट होता. भांडायचे कोणाशी, हा प्रश्न कधी पडला नाही. आज तो कारखाना नाही, विम्को नाका हे नाव तेवढे राहिले आहे.

विडीचे याच्या अगदी उलट झाले. तिचा मालक पुष्कळदा त्याच गावात, पलीकडच्या आळीत राहणारा. पण तो मालक आहे हे सिद्ध करता करता कामगारांच्या दोन पिढ्या गेल्या.

तंबाखू ही आपल्याकडे पोर्तुगीजांमागून आलेली वस्तू. अकबराचा अधिकारी असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला तेव्हा त्याने बादशहापुढे तंबाखू ठेवली, ही हकीकत त्यानेच लिहून ठेवली आहे. म्हणजे उत्तरेच्या दरबारात ती गेली ती दक्षिणेतून. १६१७ साली जहांगीराने तिला बंदी केली. बंदीने तंबाखू थांबल्याचे उदाहरण आमच्या वाचनात नाही. पुढे साहेबाच्या क्लबात चिरूट आला, त्यापाठोपाठ सिगारेट आली. १९१० साली कलकत्त्यास इंपीरियल टोबॅको कंपनी निघाली. गरिबाची ती विडी. स्वदेशीच्या चळवळीत सिगारेट टाकून विडी ओढणे हा देशाभिमानही ठरला आणि तिचा खप वाढला.

विडीला यंत्र लागत नाही, आणि तिची सारी गोम इथेच आहे. तेंदूचे पान, ज्याला कोणी टेंभुर्णी म्हणतात, ते भिजवून मऊ करायचे, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायचे, मांडीवर सूप घेऊन पानात तंबाखू भुरभुरायची, वळायचे, तोंड दुमडायचे आणि दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. हे काम छपराखाली होते तसेच ओटीवरही होते. मालकाला छप्पर, दिवा, पाणी, कशाचीच जरूर नाही. पान आणि तंबाखू तोलून द्यायची आणि विड्या मोजून घ्यायच्या. मध्ये सट्टेदार, म्हणजे ठेकेदार. तो पान कमी देई, आणि वाईट पानाची विडी वाईट झाली की ती 'छाट' म्हणून बाजूला काढी. छाटीची मजुरी नाही. ती विडी फेकून देत असत असे मात्र कोणी समजू नये.

१९३१ साली शाही मजूर आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. विड्यांच्या कारखान्यांत पाच वर्षांची मुले दहा-दहा, बारा-बारा तास बसविलेली आढळल्याची नोंद त्यात आहे. त्याच काळात नागपूरजवळ कामठीला बाबू हरदास लक्ष्मण नगराळे हा तरुण विडी कामगारांची संघटना बांधीत होता. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय ज्यांना देतात तेच हे हरदास. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मध्यप्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ च्या जानेवारीत वारले. वय जेमतेम पस्तीस. विदर्भातला विडी कामगार बराचसा दलित होता. त्याची मजुरीची लढाई आणि माणूस म्हणून उभे राहण्याची लढाई वेगळी काढता येत नाही. आमच्या चळवळीच्या इतिहासांत हरदासांना दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, हे आम्हांला योग्य वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर फॅक्टरी कायदा आला, १९४८ चा. आता 'कामगार' या शब्दाचा अर्थ न्यायालयात ठरू लागला. सागर येथील एका विडी कारखान्याच्या प्रकरणात, चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात, १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार असून ते कारखान्याचे कामगार नव्हेत असा निर्णय दिला. पुढे नागपूरच्या बिरधीचंद शर्मा प्रकरणी कारखान्यात येऊन विड्या वळणारे लोक कामगार ठरले आणि त्यांचा रजेच्या पगाराचा हक्क मान्य झाला. आमच्या लोकांना हायसे वाटते न वाटते तोच शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला आला. इथला माणूसही कारखान्यातच बसून विड्या वळी. पण तो हवा तेव्हा येतो, हवा तेव्हा जातो, किती वळायच्या याचे बंधन नाही, म्हणून तो कामगार नव्हे, असे न्यायमूर्तींचे बहुमत पडले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी भिन्न मत नोंदविले. हजारावर मजुरी घेणारा माणूस लवकर उठून जातो तो चैनीसाठी जातो काय? त्याचे पोटच त्याला बसवून ठेवते, मुकादमाची जरूर कशाला?

या गोंधळातून १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा निघाला. ठेकेदाराच्या आडून काम करून घेणारा मुख्य मालकही त्याने मालक ठरविला आणि घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटले. नऊ तासांचा दिवस, वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा, चौदा वर्षांखालील मुलांना मज्जाव, छाटीला मर्यादा. मालक न्यायालयात गेले, आणि १९७४ साली मंगळूर गणेश बीडी वर्क्सच्या निकालाने कायदा टिकला. तोवर बहुतेकांनी दुसरी वाट धरली होती. छपरे बंद करून काम घराघरांत सोडले, आणि पुरुषांचे काम बायकांच्या हाती गेले.

बायका एकत्र बसल्या की काय होते, ते निपाणीने दाखविले. तिथल्या तंबाखूच्या वखारींत धुळीने नाकतोंड भरून घेत काम करणाऱ्या स्त्रियांनी १९८० च्या सुमारास सुभाष जोशी यांच्याबरोबर संघटना उभारली. त्यांचे हे काम घरी नेता येत नव्हते, म्हणून त्या रोज एकमेकींना भेटत होत्या. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले, आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातले काही बळी पडले. पिकविणारा आणि वखारीतली मजूरीण, दोघांच्या समोर व्यापारी एकच होता.

आता पुन्हा हॉटेलाकडे येऊ. इंपीरियल टोबॅको कंपनीचे नाव १९७० साली इंडिया टोबॅको व पुढे आयटीसी झाले. १९७५ साली तिने मद्रासला हॉटेल काढले, आणि २००५ साली विम्को तिच्या ताब्यात आली. म्हणजे सिगारेट, ती पेटविणारी काडी आणि ती ओढायची खोली, तिन्ही एका घरात आली. पानाच्या ठेल्यावर काडी वाचावी म्हणून सुंभाची धुमसती दोरी टांगलेली असे. त्या दोरीवर विडी पेटविणारा आणि तारांकित हॉटेलात ज्याच्यापुढे सिगार तबकातून येतो तो, दोघांचा धूर मात्र शेवटी वेटरच्याच छातीत जायचा. मुरली देवरा यांच्या अर्जावर २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी केली. २ ऑक्टोबर २००८ च्या नियमांनी तीस खोल्यांच्या हॉटेलाला व तीस आसनांच्या उपाहारगृहाला वेगळी धूम्रपानाची जागा ठेवण्याची मुभा दिली. त्या जागेत खाणेपिणे वाढू नये हे स्पष्ट व्हायला २०१७ साल उजाडले. मधली नऊ वर्षे तिथे चहा नेऊन ठेवणारा माणूस कोणाच्या हिशेबात होता?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९६६ चा कायदा गेला. त्याची काही कलमे नव्या संहितेत उतरली आहेत. त्यांत एक जुने कलमही तसेच आले आहे: स्वतःच्या घरात कुटुंबीयांच्या मदतीने विड्या वळणारा घरमालक कोणाचा नोकर नसेल, तर त्याला या तरतुदी लागू नाहीत. ऐकायला हे रास्त वाटते. पण याच फटीतून जुन्या कायद्याच्या काळात एक युक्ती निघाली होती. पान-तंबाखू बाईला 'विकली' असे कागद करायचे आणि तिच्या विड्या 'विकत घेतल्या' असे दुसरे कागद करायचे. मजुरी हा शब्द कुठेच येत नाही. अंगठा उठविणाऱ्या बाईच्या हातात जी पावती पडते, तिच्यावर ती व्यापारी असते.