कब्जेदार सदरातलं नाव

भोकरदन, जाफराबाद किंवा मंठा, जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यातला एखादा जुना सातबारा हातात घ्या. मधल्या रकान्यात भोगवटादारांची नावं असतात. गावात या रकान्याला अजूनही कब्जेदार सदरच म्हणतात. उजवीकडे इतर हक्काचा रकाना. तिथे सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा असल्या गोष्टी लिहिलेल्या असतात. जुन्या उताऱ्यात बायका सापडल्याच तर बहुतेक करून याच उजव्या रकान्यात सापडतात: म्हातारी आई, विधवा भावजय, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, सगळ्या बोज्याच्या शेजारी. घरधनी जिवंत असेल तर त्याच्या बायकोचं नाव दोन्हीकडे नसतं. तिने त्या रानात पंचवीस वर्षं सरकी लावली असेल, खुरपलं असेल, कापूस वेचला असेल. कागदाला ती ठाऊक नसते.

जिवंत नवऱ्याच्या शेजारी, मधल्या रकान्यात बायकोचं नाव लागण्याची वाट महाराष्ट्रात कशी पडली, त्याची ही हकीकत.

मराठवाड्यात जमिनीच्या कागदाचा माग काढायला बसलं की माणूस निजामाच्या दारात जाऊन पोचतो. कुणाचा वाद निघाला की अजून १९५४ सालचं खासरा पत्रक काढून आणायला सांगतात. जालना जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला, त्याआधीचा बराचसा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात होता. इंग्रजी मुलखात डॉ. गो. वि. देशमुखांच्या खटपटीने १९३७ साली हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हक्क देणारा कायदा झाला, त्याला लोक देशमुख कायदाच म्हणत. पण १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं की तो शेतजमिनीला लागू नाही. निजामाच्या राज्यात तर तो मुळात लागूच नव्हता. म्हणजे आपल्याकडच्या बाईला शेतीचा पूर्ण धनी कायद्याने मानलं जाण्यासाठी १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा उजाडावा लागला. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडलं ते १९५१ साली, त्यानंतर पाच वर्षांनी.

त्या कायद्यानेही बायकोला वाटा दिला तो वारस म्हणून, म्हणजे नवरा गेल्यावर. तो हयात असताना बाप-लेकांची वाटणी झाली तर तिचा हिस्सा धरतात, पण ती स्वतः उठून वाटणी मागू शकत नाही. ज्या रानात ती राबते ते आपलं म्हणायला तिला कुंकू पुसलं जाण्याची वाट पाहावी लागावी, इतकं क्रूर कलम कायद्याच्या पुस्तकात शांतपणे बसलेलं आहे आणि आपण ते वाचून पुढे जातो.

या गाठीला पहिला हात घातला तो चळवळींनी. बिहारमध्ये बोधगयेच्या मठाच्या जमिनीसाठी १९७८ पासून छात्र युवा संघर्ष वाहिनीचा लढा चालला होता. त्यात भूमिहीन बायकांनी जमीन आपल्या नावावर मागितली, आणि काही गावांत ती मिळवली. महाराष्ट्रात हा प्रश्न शेतकरी संघटनेतून वर आला. संघटनेचे संस्थापक शरद जोशी स्वित्झर्लंडमधली जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडून १९७६ मध्ये परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला शेती करू लागले. पुढे कांद्याच्या, उसाच्या आंदोलनात बायका रस्त्यावर बसल्या, तुरुंगात गेल्या. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. लाखावर बायका आल्याचं सांगतात. घर आणि रान सोडून दोन दिवस बाहेर राहणं हेच त्यांतल्या अनेकींना पहिल्यांदा जमलं असेल. शेतकरी महिला आघाडी तिथून उभी राहिली.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९८९ मध्ये अमरावतीच्या अधिवेशनात लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम पुढे आला. मागणी सरकारकडे नव्हती, नवऱ्याकडे होती. संघटनेने शेतकऱ्याला सांगितलं, तुझ्या घामाचं मोल तू सरकारकडे मागतोस, मग घरच्या लक्ष्मीच्या घामाचं मोल तू चुकतं कर, थोडी का होईना जमीन तिच्या नावावर कर. ज्या गावातली शंभर कुटुंबं हे करतील ते लक्ष्मीमुक्त गाव. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर या मोहिमेत पुढे होतं. दिल्लीच्या 'मानुषी'च्या संपादिका मधु किश्वर यांनी या मोहिमेवर तेव्हा सविस्तर लिहिलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या रावेरीला सीतेचं मंदिर आहे. टाकून दिलेल्या सीतेची तिथली कथा संघटनेने लक्ष्मीमुक्तीशी जोडून घेतली आणि पुढे मंदिराचा जीर्णोद्धारही केला. शहरातल्या स्त्रीमुक्तीच्या भाषणांना जे साधलं नव्हतं ते गावच्या पारावर साधलं याचं मला फार मोल वाटतं. पुरुषाला त्याच्याच गावकऱ्यांसमोर देणेकरी म्हणून उभं केलं होतं, आणि त्याला ते पटत होतं.

याच जोशींनी ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाच्या विरोधात मत दिलं. १८६ विरुद्ध १, त्यातलं ते एक. दर निवडणुकीत फिरत्या राखीव जागांची पद्धत त्यांना मान्य नव्हती. मला ते मत पटलेलं नाही, पण त्यामुळे लक्ष्मीमुक्तीचं माप कमी होत नाही.

मोहीम गावात मुरल्यावर सरकारला हलावं लागलं. १५ सप्टेंबर १९९२ ला महसूल विभागाने लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं. नवऱ्याने आपखुशीने अर्ज केला तर त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर घ्यायचं. खरेदीखत नको, बक्षीसपत्र नको. अर्ज तलाठ्याकडे जातो, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत, नोंद पडते. नमुना नऊची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात आणि नाव मधल्या रकान्यात येतं. एवढीच वाट आहे. वकील लागत नाही.

याच काळात जगभर हा विषय हलत होता. १९७५ साली मेक्सिकोत संयुक्त राष्ट्रांची पहिली जागतिक महिला परिषद झाली. १९७९ मध्ये स्त्रियांविरुद्धचे भेदभाव संपवण्याचा करार झाला, त्यात नवरा-बायकोला मालमत्तेत सारखा हक्क असावा असं स्वच्छ लिहिलं आहे. भारताने त्यावर कायम शिक्का मारला तो १९९३ मध्ये, महाराष्ट्राच्या परिपत्रकानंतर. व्हिएतनामने जमिनीच्या दाखल्यावर दोघांची नावं सक्तीची केली ती २००० नंतर. इथिओपियात त्याच सुमाराला जमिनीचे नवे दाखले वाटले गेले, त्यांवर काही प्रांतांत नवरा-बायको दोघांचे फोटो चिकटवलेले असत. फोटोवाली ती कल्पना मला फार आवडते. दाखला कुणाच्या मुठीत आहे यापेक्षा त्यावर कुणाचा चेहरा आहे हे वाचता न येणाऱ्या बाईलाही कळतं.

आपल्या परिपत्रकात उणीव आहे ती सरळ सांगायला हवी. व्हिएतनामने सक्ती केली, आपण नवऱ्याच्या मर्जीवर सोडलं. मोहीम होती तोवर मर्जीमागे गावाची लाज होती. मोहीम ओसरली आणि अर्जाचा कागद तेवढा उरला. देशात २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहितीधारकांमध्ये बायका शंभरात चौदाच्या आसपास भरल्या. पीककर्ज, पीकविमा, हमीभाव केंद्रावरची नोंदणी, सगळीकडे पहिला प्रश्न सातबाऱ्याचा. नाव नसेल तर रानात दिवसभर वाकलेली बाई सरकारदरबारी शेतकरी ठरत नाही. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतून उसाला जाणाऱ्या जोडप्यांचंही असंच आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल घेतली जाते ती बहुधा नवऱ्याच्या नावाने.

सगळ्यांत वाईट गत होते ती आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोची. कायद्याने ती वारस आहे, पण दीर-सासऱ्यांनी फेरफाराला हरकत घेतली की ती वर्षानुवर्षं तहसीलच्या पायऱ्या झिजवते. महिला किसान अधिकार मंच, ज्याला सगळे मकाम म्हणतात, २०१४ साली उभा राहिला. त्याने विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ बायकांशी बोलून त्यांची स्थिती सरकारपुढे मांडली. जून २०१९ मध्ये शासन निर्णय निघाला आणि या बायकांच्या वारस नोंदी, रेशनकार्ड, मुलांचं शिक्षण यांत प्रशासनाने स्वतः लक्ष घालावं असं ठरलं. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम झाली. मेलेल्या खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची, हे तिचं काम. या मोहिमेत विधवेचं नाव मधल्या रकान्यात लागलं की पुन्हा उजवीकडे ढकललं गेलं, हे गावागावात तपासायला हवं.

लक्ष्मीमुक्तीच्या आगेमागे शेतकरी संघटनेने सीताशेती सुचवली होती. घरातल्या बाईने थोड्या तुकड्यावर आपल्या मताने, विकत्या खतांशिवाय पिकवायचं. त्याच्याशी नातं सांगणारं काम मराठवाड्यात पुढे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने केलं. तिच्या संस्थापिका प्रेमा गोपालन यांनी किल्लारीच्या भूकंपानंतर इथे पाय रोवले होते. बाईने घरातून एक एकर मागून घ्यायचं, त्यात डाळी, भाजी, ज्वारी-बाजरी आपल्या निर्णयाने लावायची. २०१७ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. एकरभरात काय पेरायचं हे बाईने ठरवलं की उताऱ्यावरच्या नावाची गोष्ट घरात निघतेच, नाव मात्र आपोआप लागत नाही.

मुलींच्या बाबतीत कायदा पुढे गेला. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की २००५ ला बाप हयात असण्याचीही गरज नाही. आणि तरीही वाटणीच्या वेळी बहिणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत येऊन हक्कसोडपत्रावर अंगठा देतात, माहेर तुटू नये म्हणून. लक्ष्मीमुक्तीचा अर्ज देऊन बायकोचं नाव लावणारा शेतकरी आणि बहिणीचं नाव सोडवून घेणारा शेतकरी एकच असू शकतो, आणि दोन्ही फेरफार एकाच वहीत, मागच्या-पुढच्या पानांवर मंजूर होतात. चांदवड-अमरावतीच्या बायकांनी नवऱ्याला त्याचं देणं सांगितलं होतं. भावाला त्याचं देणं सांगणारी मोहीम त्याच ताकदीने गावात यायला हवी, आणि जालन्यातल्या बचत गटांच्या, ग्रामसंघांच्या बैठकांतून ती सुरू होऊ शकते, कारण त्या बैठकीला वहिनी आणि माहेरी आलेली नणंद दोघी एका सतरंजीवर बसलेल्या असतात.