ओल्ड डरहॅम रोड दफनभूमी
कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, ग्रे परगण्यातील प्राइसव्हिलजवळची लहानशी दफनभूमी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रान तोडून येथे शेती करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांतील माणसे इथे पुरलेली आहेत. १९३०च्या दशकात एका शेतकऱ्याने ही जागा नांगरून बटाटे लावले. थडग्यांचे दगड उपटले गेले. मृतांची ही उघड विटंबना होती, आणि परिसराने ती कित्येक दशके बोलून दाखवली नाही. स्थानिक नागरिकांच्या खटपटीने काही दगड पुन्हा हाती लागले. १९९०मध्ये प्रांताचे पहिले कृष्णवर्णीय लेफ्टनंट गव्हर्नर लिंकन अलेक्झांडर यांच्या उपस्थितीत जागेला स्मारकाचा मान मिळाला. भेट देणाऱ्याला थडग्यांच्या रांगा दिसत नाहीत. जपून ठेवलेले, कडा तुटलेले मोजके दगड तेवढे दिसतात. ‘स्पीकर्स फॉर द डेड’ (२०००) हा माहितीपट याच दफनभूमीवर आहे.