बागबाजारचा मराठा खंदक

कलकत्त्याच्या उत्तर भागात, हुगळीच्या काठी, बागबाजार ही जुनी वस्ती आहे. तेथील एका गल्लीस ‘मराठा डिच लेन’ असे नाव आहे. डिच म्हणजे खंदक. ज्या मराठी फौजेच्या धास्तीने तो खणला गेला, ती फौज कलकत्त्यावर कधी चालून आलीच नाही. न झालेल्या स्वारीची ही खूण इतिहाससंशोधकास एका जुन्या प्रश्नाशी आणून सोडते : गतकाळाचा निवाडा करताना दप्तर प्रमाण मानावे, की माणसांनी मागाहून सांगितलेली हकीकत?

1742 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या रहिवाशांनी स्वखर्चाने खंदक खणण्याची परवानगी ईस्ट इंडिया कंपनीकडून मिळविली. 1743 मध्ये या कामासाठी कंपनीने 25,000 रुपये कर्जाऊ दिले. बेत सुमारे सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले आणि संकट टळलेसे वाटताच काम थांबले. दप्तरातून रक्कम कळते, साल कळते. परंतु कारकुनाची लेखणी धन्याच्या हिशेबापुरतीच चालते. लोक एवढे का हादरले होते, हे तिला विचारून उपयोग नाही.

त्याचे उत्तर गंगाराम नावाच्या बंगाली कवीने दिले आहे. त्याच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्याची 1751 सालची हस्तलिखित पोथी उपलब्ध आहे. गावे जळत असता पोथ्या घेतलेले ब्राह्मण, तराजू घेतलेले सोनार, जाळी घेतलेले कोळी वाट फुटेल तिकडे पळत सुटतात. स्त्रियांवर अत्याचार होतात. पैसा न देणाऱ्याचे नाक-कान कापले जातात. मराठीतील ‘बारगीर’, म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार, बंगालीत ‘बर्गी’ झाला आणि मुलांना निजविताना भीती घालण्याचा शब्द होऊन बसला.

ही साक्ष जशीच्या तशी स्वीकारावी काय? पृथ्वीवर पाप वाढले म्हणून शंकराने नंदीस शाहू राजाकडे धाडले, असे गंगाराम सांगतो. मोहिमेचे कारण म्हणून ते घेता येणार नाही. लढाईनंतर काही वर्षांनी, पुराणाच्या घाटात बसविलेली ही आठवण आहे. तिच्यावरून मृतांची मोजदादही करता येणार नाही. परंतु वर्धमानच्या दरबारातील पंडित वाणेश्वर विद्यालंकार यांनी 1744 मध्ये ‘चित्रचंपू’ हा संस्कृत ग्रंथ रचला, त्यातही मराठी स्वारांच्या क्रौर्याचे वर्णन आहे. एक देशी भाषेतला कवी, दुसरा राजाश्रयातील पंडित. दोघांची भाषा निराळी, श्रोते निराळे. अशा दोन साक्षी जेथे जुळतात, तेथे कल्पना म्हणून त्या बाजूस सारता येत नाहीत.

मराठी वाचकाची खरी परीक्षा येथेच आहे. 1751 सालीच अलीवर्दीखानाने भोसल्यांशी तह करून वर्षाला 12 लक्ष रुपये चौथाई देण्याचे मान्य केले. तहाच्या कलमांत ती चौथाई आहे; गंगारामाच्या काव्यात तीच जळालेली गावे आहे. तह वाचून पोथी मिटून ठेवणे सोयीचे खरे, पण ते संशोधन नव्हे. तसेच पोथी वाचून भास्कररामाच्या मोहिमेमागील राजकारण व चौथाईची व्यवस्था दृष्टीआड करणे, हेही संशोधन नव्हे. दप्तराने आठवणीचे साल व स्थळ तपासावे, आणि दप्तर जेथे मुके होते तेथे आठवणीस बोलू द्यावे.

1756 च्या जूनमध्ये सिराजउद्दौल्याच्या फौजेचा पहिला हल्ला बागबाजारच्याच बाजूने झाला. तो परतविला गेला. पण खंदक अपुरा होता आणि फौज दुसरीकडून शहरात शिरली. पुढे 1799 मध्ये खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड करण्यात आला. खंदक बुजला तरी भीतीला दिलेले मराठ्यांचे नाव बागबाजारात राहिले. त्या नावाचा अभिमान किंवा राग धरण्यापूर्वी त्याचे मूळ समजून घेणे, एवढे ऋण मराठी अभ्यासकाने बंगालचे मानले पाहिजे.