साडेतीन तास

शनिवार, 23 जून 1894. दक्षिण फ्रान्समधलं सेत बंदर. एका बेकरीतल्या 20 वर्षांच्या इटालियन कामगाराने मालकाशी भांडून पगाराचा हिशेब मिटवून घेतला. सांते जेरोनिमो काझेरियो त्याचं नाव. हाती 20 फ्रँक आले. त्यातल्या पाचांचा त्याने खंजीर घेतला. त्याला सूड घ्यायचा होता: संसदेत बॉम्ब फेकणाऱ्या, त्याच्यासारख्याच अराजकवादी व्हायाँचा त्याच फेब्रुवारीत शिरच्छेद झाला होता. त्याच्या बॉम्बने कोणीही मेलं नव्हतं, तरी राष्ट्राध्यक्ष सादी कार्नोंनी त्याला माफी दिली नाही.

रविवार, 24 जून, दुपार. उरलेले पैसे लिऑनच्या तिकिटाला पुरले नाहीत, म्हणून काझेरियो अलीकडे व्हिएनला उतरला. पुढचं जवळजवळ 30 किलोमीटर अंतर तो चालत गेला. खंजीर वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता.

संध्याकाळ, लिऑन. प्रदर्शनानिमित्त शहरात रोषणाई. व्यापार मंडळाच्या इमारतीत कार्नोंची मेजवानी, नंतर नाटक. लोकांना जवळ येऊ द्या, असं त्यांनी सोबतच्या घोडेस्वारांना बजावलं होतं. त्यांची गाडी उघडी होती.

रात्री 9. काझेरियोने रस्ता ओलांडला. राष्ट्राध्यक्ष गाडीत उजव्या हाताला बसतो आणि तो उभा होता डावीकडे.

9.15 च्या सुमारास. रिपब्लिक रस्ता. एक तरुण हातात वर्तमानपत्र घेऊन गाडीच्या पायरीवर चढला. अर्ज देत असेल, असं बघणाऱ्यांना वाटलं. वार उजव्या बरगड्यांच्या खाली, पोटात.

गाडीत सोबत महापौर गायतों होते. ते स्वतः डॉक्टर.

त्यानंतरची काही मिनिटं. ओतेल-द्यू हे शहराचं मोठं इस्पितळ रोन नदीच्या अलीकडे, त्याच रस्त्यापासून जवळ. गाडी मात्र नदीपलीकडे प्रीफेक्टच्या कचेरीकडे निघाली. राष्ट्राध्यक्षांचा मुक्काम तिथे होता, आणि बड्या माणसाला सार्वजनिक इस्पितळात न्यायची तेव्हा रीत नव्हती. नेलं असतं तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. पुढे जे घडलं ते वाचून तसं म्हणवत नाही.

साडेनऊनंतर. शहरातले नामवंत शल्यचिकित्सक पलंगाभोवती जमले, त्यात ओलिए आणि पोंसे. आजच्या ट्रॉमा विभागात पोटात सुरा लागलेला माणूस आला की आधी तीन गोष्टी पाहतात: रक्तदाब कोसळतोय का, पोट लाकडासारखं कडक झालंय का, आतडं बाहेर आलंय का. यातलं एक जरी असलं तरी थेट ऑपरेशन थिएटर. काहीच नसेल तर पोट न उघडता तासातासाला तपासत राहतात, कारण प्रत्येक वार आतल्या अवयवापर्यंत पोचलेला नसतो.

हा पोचला होता. बाहेरून दिसत होती ती एक छोटी चीर.

पोंसेंनी जखम वाढवली. रक्त यकृतातून येत होतं. त्यांनी आत गॉझच्या पट्ट्या ठासल्या. हा उपाय आजही करतात, पण आज सोबतीला रक्ताच्या पिशव्या असतात. 1894 साली रक्तगटच माहीत नव्हते. ते 1901 मध्ये कळले. यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बोटांत दाबून धरायची प्रिंगलची युक्ती 1908 ची.

दरम्यान नाट्यगृहात बातमी पोचली. बाहेर जमाव इटालियन लोकांची दुकानं फोडू लागला.

मध्यरात्र. गॉझ भिजत राहिला. नाडी क्षीण होत गेली. आर्चबिशपांनी अखेरचे संस्कार केले.

सोमवार, 25 जून, पाऊण वाजण्याच्या सुमारास. मृत्यू.

शवविच्छेदन. पातं अकराएक सेंटिमीटर आत गेलं होतं. यकृत भेदून त्याने पोर्टल व्हेन दोन ठिकाणी उघडली होती. आतड्यांकडचं रक्त यकृताला पोचवणारी ही शीर मिनिटाला लिटरभर रक्त वाहते. सबंध अंगात असतं पाचेक लिटर. फाटलेली शीर शिवून प्रवाह चालू ठेवण्याची भरवशाची रीत लिऑनमधल्या कोणाच्याच हाती नव्हती.

अलेक्सी कारेल त्या वेळी लिऑनमध्येच वैद्यकी शिकत होता. वय 20, मारेकऱ्याचंही तेवढंच. शीर शिवता यायला हवी होती, असं त्याने धरून ठेवलं. पुढे तो श्रीमती लरुदिए या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे अगदी बारीक सुईने रेशमाचे टाके घालायला शिकला. नळीचं गोल तोंड तीन टाक्यांनी ताणायचं, म्हणजे त्याचा त्रिकोण होतो आणि सरळ कडा शिवता येतात. 1902 मध्ये रक्तवाहिन्या जोडण्याची त्याची रीत लिऑनच्याच वैद्यकीय पत्रिकेत छापून आली.