पाचशे पौंडांची खिडकी

आपल्या सीमाभागातल्या दवाखान्यात पेशंट मराठीत सांगतो, नर्स कानडीत विचारते आणि केसपेपरवर उतरते ते इंग्रजी. ‘काळजात धस्स होतं’, ‘माझ्यामागं पोरींचं काय होईल हो’ हे सारे वाटेत कुठेतरी गळून जाते. मात्र ही गळती नुसत्या भाषांतराची आहे, असे मला वाटत नाही. जिथे डॉक्टर आणि पेशंट एकाच भाषेचे, तिथेही ती होतेच.

१ मे १८८९ रोजी विल्यम ऑस्लर यांनी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या नव्या डॉक्टरांपुढे निरोपाचे भाषण केले. प्रसंग कितीही बिकट असो, डॉक्टराच्या चेहऱ्यावर चलबिचल दिसता कामा नये, हा त्यांचा मुख्य उपदेश. तो चुकीचा कसा म्हणावा? रक्त वाहत असताना थरथरत्या हाताचा डॉक्टर कोणाला हवा! पण मन दगडाचे होऊ देऊ नका, असेही त्यांनी त्याच भाषणात बजावले होते. पुढच्या पिढ्यांनी पहिला अर्धा भाग तेवढा घोकला. पेशंट रडू लागला की नाडी पाहायची, ‘काळजी करू नका’ म्हणायचे आणि पुढच्या खाटेकडे वळायचे, ही रीतच पडून गेली.

ती मोडण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या सिसिली साँडर्स मूळच्या नर्स. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले, तेव्हा त्या लंडनच्या इस्पितळात पेशंटांच्या घरच्या अडचणी पाहणाऱ्या समाजसेविका झाल्या. तिथे त्यांना डेव्हिड टास्मा भेटला. वॉर्साहून आलेला ज्यू, हॉटेलात वेटर, वय चाळिशीचे, कॅन्सर झालेला आणि परक्या मुलखात जवळचे कोणी नाही. आपण जगून काहीच मागे ठेवले नाही, हे त्याचे खरे दुखणे होते. साँडर्सबाई त्याच्यापाशी बसून ऐकत राहिल्या. १९४८ साली तो गेला, तेव्हा त्याने त्यांच्या नावे ५०० पौंड ठेवले होते : तुमच्या घराची एक खिडकी व्हावी म्हणून. घर अजून कागदावरही नव्हते!

मरणाऱ्यांसाठी काही करायचे तर डॉक्टरच व्हा, नाहीतर तुमचे कोणी ऐकणार नाही, असे एका सर्जनने त्यांना सांगितले. बाई तिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि १९५७ साली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

त्या काळी मॉर्फिनचे व्यसन लागेल, या धास्तीने वेदना उसळल्यावरच ते देत. म्हणजे पेशंटाने कण्हावे, विनवावे, तेव्हा औषध. रडणे ही जणू औषधाची चिठ्ठीच झाली होती! साँडर्सबाईंनी हॅकनीच्या सेंट जोसेफ्समध्ये ठरावीक तासांनी, कळ उठण्याआधीच, औषध देण्याचा शिरस्ता घातला. एका धर्मादाय शुश्रूषागृहात त्यांनी तो पूर्वी पाहिला होता. मला यातली खरी गंमत पुढेच दिसते. शरीराची कळ थांबली, तरी काहींचे रडणे थांबेना, आणि आता ते कशासाठी आहे हे ऐकू येऊ लागले. दुखणे कुठे आहे, असे विचारल्यावर एका बाईने पाठीपासून सुरुवात केली आणि बोलता बोलता ती नवऱ्याच्या आणि मुलाच्या बुडणाऱ्या कामापर्यंत पोचली. हे सारे मिळून एकच दुखणे आहे, असे साँडर्सबाईंनी मांडले. त्याला त्यांनी ‘टोटल पेन’ हे नाव दिले. पेशंटांचे बोलणे त्या टेपवर घेत आणि डॉक्टरांच्या सभांतून त्यांच्याच शब्दांत मांडत.

१९६७ साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले. टास्माची खिडकी तिथे दर्शनी भागात आहे. साँडर्सबाईंनी २००५ साली तिथेच डोळे मिटले.

आपल्याकडे असे पहिले घर, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाले आणि पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली.